गुलमर्गच्या बर्फासाठी गॉगल: मर्यादित रकमेत नेमके काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एक ताई फेब्रुवारीत अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन गुलमर्गला जात आहेत आणि दोघी पहिल्यांदाच स्कीइंग शिकणार आहेत. ताईंना मायनस ३.२५ चा नंबर आहे, मुलीला चष्मा नाही. दोघींच्या गॉगलसाठी मिळून ६,००० रुपये बाजूला काढले आहेत. इंटरनेटवर तीनशे रुपयांपासून तीस हजारांपर्यंतचे गॉगल दिसतात, मग फरक कशात आहे? लेन्सचा रंग कोणता घ्यावा? आणि घरी असलेला चांगला सनग्लास चालणार नाही का?

मी पुण्यात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासून चष्मा देणारा, आहे आणि गेली चौदा वर्षे बहुतेक हिवाळ्यांत शिकाऊ गटांबरोबर गुलमर्ग किंवा औलीला जातो. त्यामुळे गॉगल मला दोन्ही बाजूंनी दिसतो: उतारावर तो कसा वागतो तेही, आणि परतल्यावर लाल डोळे घेऊन दुकानात कोण येते तेही. आधी उत्तर सांगतो. ताई, तुमच्यासाठी दुहेरी लेन्सचा, चष्म्यावरून घालता येणारा, एस२ श्रेणीचा (म्हणजे मध्यम गडद) गॉगल घ्या. मुलीसाठी मुलांच्याच मापाचा, दुहेरी लेन्सचा, शक्यतो त्याच श्रेणीचा घ्या. चकाकणारी रंगीत लेन्स, चुंबकाने बदलणारी लेन्स आणि मोठे नाव यांवर या रकमेतला एकही रुपया घालू नका. याची कारणे मात्र सविस्तर सांगायला हवीत, कारण दुकानात उभे राहिल्यावर निर्णय तुम्हालाच करायचा आहे.

सनग्लासपासून सुरुवात करू. पुण्या-नाशिकच्या रस्त्यावर ऊन वरून येते आणि भुवया, पापण्या व कपाळाचा उंचवटा डोळ्यांवर सावली धरतात. बर्फावर ही नैसर्गिक व्यवस्था निकामी होते, कारण प्रकाश खालून येतो. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, तर गवतावरून दहा टक्केही परत येत नाहीत. शिवाय दर हजार मीटर उंचीमागे हे किरण साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवटच्या कड्याजवळ ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. फेब्रुवारीत काश्मीरचा सूर्य आपल्याकडच्यापेक्षा खाली असतो, त्यामुळे थंडीत ‘ऊन कोवळे आहे’ असे वाटते, आणि नवखी माणसे फसतात ती इथेच. सनग्लास खालून आणि कडेने उघडा असतो, पडल्यावर उडून जातो, आणि वेगात उतरताना वारा आत शिरून डोळ्यांतून पाणी काढतो. तिबेटमध्ये याकच्या केसांची विणलेली जाळी डोळ्यांवर बांधत, उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक लाकडाच्या किंवा हाडाच्या पट्टीला बारीक चीर पाडून ती बांधत. दोन्ही युक्त्यांत डोळा सगळ्या बाजूंनी झाकलेला असे. तुमचा सनग्लास सोबत जरूर न्या, पण तो बाजारात फिरताना आणि जेवणाच्या सुट्टीत वापरा.

आता वाफेविषयी, आणि या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबणार आहे. माझ्या अनुभवात डोळ्यांना झालेल्या बहुतेक इजांमागे स्वस्त लेन्स नव्हती, वाफ धरलेली लेन्स होती. काही वर्षांपूर्वी औलीला आमच्या गटातल्या एका कॉलेजच्या मुलाचा एकेरी लेन्सचा गॉगल सकाळी दहालाच धुकाटला. दिवस ढगाळ होता, ऊन दिसतच नव्हते, म्हणून त्याने गॉगल टोपीवर चढवला आणि दिवसभर उघड्या डोळ्यांनी सराव केला. रात्री नऊच्या सुमारास तो खोलीत डोळे घट्ट मिटून बसला होता. डोळ्यांत वाळू भरली आहे असे सांगत होता आणि दिव्याकडे पाहता येत नव्हते. यालाच बर्फांधळेपणा म्हणतात. अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो आणि त्याची वेदना लगेच होत नाही, ६ ते १२ तासांनी सुरू होते. पातळ ढगांतूनही हे किरण मोठ्या प्रमाणात खाली येतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याचा डोळा दोन दिवसांत बरा झाला, जो बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत होतो, पण शिकण्याचे ते दोन दिवस गेले.

म्हणून गॉगल विकत घेताना पहिला प्रश्न ‘तो किती काळा आहे’ हा नसून ‘तो दिवसभर डोळ्यांवर राहील का’ हा आहे. दुहेरी लेन्स त्यासाठी लागते. बाहेरची लेन्स थंड असते आणि चेहऱ्याजवळची हवा गरम व ओली असते. मध्ये एकच पातळ पत्रा असेल तर आतल्या बाजूला पाणी सुटणारच, जसे थंडगार पेल्याला बाहेरून सुटते. दोन लेन्समध्ये बंदिस्त हवेचा थर ठेवला की आतली लेन्स तितकी गार पडत नाही. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील बॉब स्मिथ या दंतवैद्याने ही रचना स्की गॉगलमध्ये आणली आणि आजही बहुतेक चांगले गॉगल त्याच तत्त्वावर चालतात. दुकानात ओळखायची रीत सोपी आहे. गॉगल दिव्याखाली तिरका धरा आणि बोटाचे टोक लेन्सच्या बाहेरच्या बाजूजवळ न्या. दुहेरी लेन्समध्ये बोटाची दोन प्रतिबिंबे थोड्या अंतराने दिसतात, आणि कडेला दोन्ही लेन्समधली फोमची पातळ पट्टीही दिसते. मोटरसायकलचे गॉगल पुष्कळदा ‘स्की गॉगल’ म्हणून विकले जातात. त्यांत बहुतेक वेळा एकच लेन्स असते.

आतल्या लेन्सवर पाणी पसरवून शोषणारा एक थर दिलेला असतो. तो ओला असताना अतिशय नाजूक असतो. हातमोज्याने एकदा जरी जोरात पुसले, तरी तो भाग कायमचा धूसर होतो. पडल्यावर आत बर्फ गेला तर गॉगल झटकून बर्फ पाडा, उरलेले पाणी मऊ कोरड्या कापडाने नुसते टिपून घ्या आणि पुन्हा चढवा. गॉगल कपाळावर किंवा लोकरी टोपीवर ठेवू नका, कारण डोक्याचा घाम आणि उष्णता थेट फोममध्ये शिरते. गळपट्टा नाकावर ओढताना त्याची वरची कड गॉगलच्या आत जाऊ देऊ नका, नाहीतर प्रत्येक श्वास लेन्सवर जातो. आणि रात्री गॉगल बुखारीजवळ, म्हणजे खोली गरम करणाऱ्या शेगडीजवळ, वाळत घालू नका. गुलमर्गच्या हॉटेलांत संध्याकाळी बुखारी पेटली की सगळ्यांचे मोजे, हातमोजे, बूट तिच्याभोवती लागतात आणि गॉगलही त्यांत जातो. माझ्या स्वतःच्या एका गॉगलचे दोन लेन्समधले चिकटवण असेच सुटले. दुसऱ्या दिवशी दोन्ही लेन्सच्या मध्येच दमट डाग दिसू लागला, जिथे कापड पोहोचतच नाही. खोलीतल्या साध्या हवेत, लेन्स वर करून ठेवलेला गॉगल सकाळपर्यंत वाळतो.

लेन्सच्या रंगाविषयी लोक सर्वांत जास्त विचारतात, पण रंगाआधी आकडा पाहा. लेन्समधून किती टक्के प्रकाश आत येतो त्यावर श्रेणी ठरते, आणि हे प्रमाण खोक्यावर ‘व्हीएलटी’ म्हणून छापलेले असते. एस० मधून ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश येतो, एस१ मधून ४३ ते ८०, एस२ मधून १८ ते ४३, एस३ मधून ८ ते १८ आणि एस४ मधून फक्त ३ ते ८ टक्के. एस४ हिमनद्यांवरच्या लखलखीत उन्हासाठी आहे. उतारावर झाडांच्या सावलीत शिरलात तर त्यातून पुढचा खड्डा दिसणार नाही. दोन गॉगल घेता आले असते तर मी उन्हासाठी एस३ आणि ढगांसाठी एस१ सांगितला असता. एकच घ्यायचा असेल, तर एस२ मधला २० ते ३० टक्क्यांचा गॉगल तुमच्या कामाचा आहे. तुम्ही नवशिक्या आहात, बहुतेक वेळ खालच्या पठारावरच्या सौम्य उतारांवर जाईल, आणि फेब्रुवारीत पश्चिमी झंझावात आला की दोन-तीन दिवस सलग आभाळ भरलेले असते. भर उन्हात एस२ मधून थोडे डोळे बारीक करावे लागतील, पण अतिनील संरक्षण तेवढेच राहील, कारण ते लेन्सच्या काळेपणावर अवलंबून नसते.

हे शेवटचे वाक्य नीट समजून घ्यावे अशी माझी कळकळ आहे. गडद लेन्स म्हणजे सुरक्षित लेन्स नव्हे. अतिनील किरण न अडवणारी गडद लेन्स साध्या डोळ्यापेक्षा वाईट ठरू शकते, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि तेवढे जास्त किरण आत जातात. खोक्यावर ‘यूव्ही ४००’ लिहिलेले असावे, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात. लेन्स पॉलिकार्बोनेटची असेल तर त्या पदार्थातच बरेचसे संरक्षण असते. शिवाय सीई ही युरोपीय मानकांची खूण, श्रेणीचा आकडा आणि आयएसओ १८५२७-१ किंवा त्याआधीचे ईएन १७४ हे स्की गॉगलचे मानक यांपैकी काय काय छापलेले आहे ते पाहा. नुसते छापलेले असणे पुरेसे नाही असे वाटत असेल, तर गॉगल घेऊन जवळच्या चष्म्याच्या दुकानात जा. अनेक दुकानांत अतिनील मोजण्याचे छोटे यंत्र असते, तपासायला एक मिनिट पुरते, आणि माझ्यासारखे बरेच जण त्याचे पैसे घेत नाहीत. यंत्राच्या उजेडासमोर लेन्स धरली की किती किरण पलीकडे जातात ते लगेच दिसते.

मग रंग. काचेवरची निळी, सोनेरी किंवा लाल चकाकी हा बाहेरचा आरशासारखा थर असतो. डोळ्याला दिसणारा रंग वेगळा असतो. गॉगल घालून पाहिल्याशिवाय तो कळत नाही. करडा रंग जग आहे तसे दाखवतो आणि भर उन्हात बरा वाटतो. नारिंगी, तांबूस किंवा गुलाबी झाक निळसर विखुरलेला प्रकाश थोडा कापते, त्यामुळे बर्फातले उंचवटे व खळगे जरा उठून दिसतात. तुमच्यासाठी मी हाच गट निवडेन. मात्र ढग खाली उतरले की पांढऱ्यावर पांढरे पसरते, सावल्या नाहीशा होतात आणि पायाखालचा उंचवटा गुडघ्याला कळेपर्यंत डोळ्याला कळत नाही. त्या वेळी कोणतीही लेन्स नसलेली सावली निर्माण करू शकत नाही. ओकलीची प्रिझम किंवा स्मिथची क्रोमापॉप या लेन्स ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गाळून हा फरक अधिक स्पष्ट करतात आणि त्या खरोखर चांगल्या आहेत, पण त्यांच्या वरच्या श्रेणीतील एकेका गॉगलची किंमत तुमच्या एकूण रकमेच्या पलीकडे जाते. तशा प्रकाशात झाडांच्या कडेने उतरावे, कारण झाडांचे गडद खोड नजरेला आधार देते, आणि प्रशिक्षक थांबा म्हणाले की थांबावे.

पोलराइज्ड लेन्स चकाकी मारते, पण कडक गोठलेल्या बर्फाची चमकही झाकते. ती चमक दिसणे शिकाऊ माणसाला उपयोगाचे असते. उन्हात गडद होणाऱ्या फोटोक्रोमिक लेन्सचे आकर्षण समजण्यासारखे आहे, तरी थंडीत त्या परत फिक्या व्हायला वेळ घेतात आणि स्वस्तातल्या लेन्सवर तर मी विसंबणार नाही. लेन्सचा आकार दोन प्रकारचा असतो: आडव्या दिशेनेच वळलेली, आणि चेंडूसारखी दोन्ही दिशांनी फुगलेली. दुसरी दिसायला देखणी आणि महाग आहे. कमी किमतीत दोन्ही दिशांनी वळवलेली लेन्स नीट घडवणे अवघड असते, त्यामुळे तुमच्या रकमेत पहिलीच घ्या. तपासायचे असेल तर गॉगल हातभर लांब धरून त्यातून दुकानाच्या फरशीची सरळ रेघ पाहा आणि गॉगल हळूहळू वरखाली करा. रेघ लाटेसारखी हलली, तर ती लेन्स दिवसभर घालून डोके दुखेल.

तुमच्या चष्म्याविषयी. ‘ओटीजी’ म्हणजे चष्म्यावरून घालायचा गॉगल. त्याची पोकळी खोल असते आणि कानाकडे फोममध्ये काडीसाठी खाच असते. सोबत तुमचाच चष्मा नेऊन घालून पाहा. काडी कानशिलावर दाबली जात असेल किंवा चष्म्याची काच गॉगलच्या आतल्या लेन्सला टेकत असेल, तर तो गॉगल सोडून द्या. मोठ्या चौकोनी फ्रेमपेक्षा जुनी, लहान आणि अरुंद फ्रेम बर्फावर चांगली, आणि तिच्यातले भिंग काचेचे असता कामा नये. पडताना ते फुटले तर डोळ्याच्या अगदी जवळ असते. चष्म्यावर वाफ धरते ती गॉगलच्या लेन्सवरच्या थराने थांबत नाही, म्हणून चष्म्यासाठी वाफरोधक कापड वेगळे न्या. तुमचा चष्मा उन्हात काळा होणारा असेल तर काळजी नको: तो अतिनील किरणांनी काळा होतो आणि ते गॉगलच अडवतो, त्यामुळे आत तो जवळजवळ पांढराच राहतो.

कॉन्टॅक्ट लेन्स तुम्हाला चालत असतील, तर मी त्याच सुचवेन, रोज टाकून देण्याच्या. मायनस ३.२५ ला त्या सहज मिळतात, वाफेचा अर्धा प्रश्न मिटतो, आणि साधा, स्वस्त गॉगल घेता येतो. मात्र पहिल्यांदा लावण्याची जागा गुलमर्ग नव्हे; जाण्याआधी निदान तीन आठवडे घरी सवय करा, तपासणी करून घ्या, आणि चष्मा सोबत ठेवाच. त्या लावून झोपू नका. गॉगलच्या आत बसवायची नंबरची छोटी फ्रेमही मिळते, पण ती चेहऱ्याच्या फार जवळ असल्याने लवकर धुकाटते आणि तिचा खर्च तुमच्या रकमेत बसणार नाही.

मुलीच्या बाबतीत ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठ्या मापाचा गॉगल घेऊ नका. मुलांच्या डोळ्यातले नैसर्गिक भिंग मोठ्यांच्यापेक्षा अधिक स्वच्छ असते आणि अतिनील किरण आत जास्त खोल जाऊ देते; गालाजवळ फट राहिली तर गॉगल घालूनही ते आत येतात. पट्टा न लावता गॉगल तिच्या चेहऱ्यावर नुसता टेकवा आणि कडेने सगळीकडे बोट फिरवा. नाकाच्या दोन्ही बाजूंना प्रकाश दिसत असेल तर तो साचा तिच्या चेहऱ्याचा नाही. युरोपीय मापाच्या गॉगलमध्ये ही फट आपल्याकडे बऱ्याचदा दिसते. हेल्मेट भाड्याने घेणार असाल, तरी त्याची कड आणि गॉगलची वरची कड यांत मोकळे कपाळ राहता कामा नये. तिथे ऊन चावते आणि वाराही.

रकमेची वाटणी मी अशी करेन: तुमच्या गॉगलला ३,००० ते ३,५००, मुलीच्या गॉगलला १,५०० ते २,०००, आणि उरलेल्यात वाफरोधक कापड, मऊ पिशव्या व डोळे ओलसर ठेवणारे थेंब. डेकॅथलॉनच्या वेड्झे या नावाने येणाऱ्या गॉगलवर श्रेणी स्पष्ट लिहिलेली असते, त्यामुळे तुलना तिथून सुरू करणे सोयीचे आहे; जवळच्या शाखेत नसतील तर मागवा. स्की, बूट आणि पोल गुलमर्गला भाड्याने घ्यायला माझी हरकत नाही. भाड्याच्या गॉगलला आहे: आतला फोम आदल्या माणसाच्या घामाने ओला असतो, डोळे येण्याची भीती असते आणि लेन्स ओरखड्यांनी भरलेली असते.

तरीही एखाद्या रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटले, तर डोळे चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स लगेच काढा, अंधाऱ्या खोलीत मिटल्या डोळ्यांवर गार कापड ठेवा, ओलसर ठेवणारे थेंब घाला आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा. डोळा बधिर करणारे थेंब कोणी दिले तरी स्वतःहून घालू नका. दुखणे थांबते, पण बुबुळाची जखम भरणे लांबते.

गॉगल जानेवारीच्या सुरुवातीलाच घ्या. घरी आल्यावर दोघींनी टोपी, गळपट्टा आणि तुम्ही चष्म्यासह गॉगल चढवून अर्धा तास वावरा, इमारतीचा जिना दोनदा चढून उतरा. नाकावर दाब, कानशिलावर ठणका किंवा दहाव्या मिनिटाला धूसर होणारी लेन्स, हे सगळे तिथेच कळेल, आणि पावती हातात असताना गॉगल बदलून घेता येईल.